टेस्टफ्लाइटचे आठ महिने आणि नव्वदावा दिवस

औषधांच्या वेळांची आठवण करून देणाऱ्या आमच्या छोट्या ॲपची बीटा चाचणी (प्रकाशनापूर्वीची चाचणी) गेले आठ महिने टेस्टफ्लाइटवर, म्हणजे ॲपलच्या चाचणीसाठीच्या ॲपवर, सुरू आहे. हा अनुभव मी वर्षअखेरीस लिहिणार होतो. पण गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सर्व टेस्टरांच्या फोनवर ॲप एकाच वेळी उघडेनासे झाले, कारण बिल्डची (टेस्टरांना दिलेल्या ॲपच्या प्रतीची) मुदत संपली होती आणि नवे बिल्ड चढवण्याची तारीख आमच्या हातून निसटली होती. चूक पूर्णपणे आमची होती.

टेस्टफ्लाइटवरचे बिल्ड ९० दिवसच चालते, ही मर्यादा सर्वांना ठाऊक असते. मात्र ते दिवस बिल्ड अपलोड झाल्यापासून मोजले जातात, टेस्टरने ते आपल्या फोनवर घेतल्यापासून नव्हे, याचा खरा अर्थ मला त्या सकाळी उमगला. ऐंशीव्या दिवशी पब्लिक लिंकवरून (निमंत्रणाच्या खुल्या दुव्यावरून) आलेल्या माणसाच्या वाट्याला जेमतेम दहा दिवस येतात. उरलेले दिवस टेस्टफ्लाइटमध्ये दिसतात हे खरे, पण आमचे ॲप एकदा फोनवर आले की टेस्टफ्लाइट पुन्हा उघडून पाहणारा टेस्टर विरळाच. त्या गोंधळात तिघांनी ॲप काढून टाकले आणि त्यासोबत फोनमध्येच साठवलेल्या त्यांच्या नोंदीही गेल्या. ॲप न काढता त्यावरच नवे बिल्ड घेतले असते, तर नोंदी शाबूत राहिल्या असत्या. एवढे एक वाक्य आम्ही निमंत्रणात लिहायला हवे होते.

त्या रात्री या मर्यादेविरुद्ध मी बराच कडवट मजकूर लिहून ठेवला. तो आज मला अन्यायाचा वाटतो. पूर्वी आम्ही अ‍ॅड हॉक पद्धतीने, म्हणजे आधी नोंदवलेल्या ठरावीक फोनांनाच, ॲपचे वाटप करत असू. प्रत्येकाकडून यूडीआयडी (फोनचा ओळख क्रमांक) मागवायचा, वर्षाला आयफोनच्या १०० जागा, आणि एखादा फोन यादीतून काढला तरी ॲपलच्या डेव्हलपर सदस्यत्वाचे वर्ष सरेपर्यंत ती जागा मोकळी होत नाही. म्हणून एकेक जागा मी फार जपून देत असे. त्याच काळातले, मध्यरात्रीनंतरचा गजर चुकवणारे एक बिल्ड एका टेस्टरच्या फोनवर कित्येक महिने तसेच राहिले होते. औषधांच्या ॲपमध्ये असे जुने बिल्ड आपोआप बंद पडणेच योग्य, असे आता माझे मत आहे.

बाहेरच्या टेस्टरांसाठी १०,००० जागांची सोय आमच्या गरजेच्या कितीतरी पलीकडची आहे. स्क्रीनशॉटसह येणाऱ्या अभिप्रायात फोनचे मॉडेल आणि आयओएसची आवृत्ती आपोआप कळते, हा रोजचा मोठा आधार आहे. नव्या आवृत्तीच्या पहिल्या बिल्डला बीटा रिव्ह्यूसाठी, म्हणजे ॲपलच्या तपासणीसाठी, थांबावे लागते. त्या शनिवारी मात्र आवृत्ती तीच ठेवून फक्त बिल्ड क्रमांक वाढवल्यामुळे दुपारपर्यंत सर्वांना ॲप परत मिळाले.

आता पंचाहत्तराव्या दिवशी, कोडमध्ये बदल असो वा नसो, नवे बिल्ड जाते आणि त्याच्या टिपणात पहिली ओळ ॲप काढून न टाकण्याची असते. नोंदी गमावलेल्या तिघांपैकी दोघे परतले. तिसऱ्या बाईंनी चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा भरण्यास नकार दिला, आणि मी त्यांना आग्रह केला नाही.