विज्ञान दिनाचा तास: बेकन घ्यावा की गॅलिलिओ?

२८ फेब्रुवारीला नववीच्या मुलांना ‘प्रयोग म्हणजे काय’ हे सांगायचंय, पण सुरुवात कुठून करावी, असं कोल्हापुरातल्या दोघा-तिघा शिक्षकांनी मला विचारलं. तत्त्वज्ञानातून प्रयोगाकडे जाणाऱ्या दोन वाटा मी सुचवल्या: इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनची आणि गॅलिलिओची.

बेकनचं १६२० मधलं म्हणणं असं, की सिद्धान्ताची घाई नको, आधी नोंदी करा. उष्णतेचे त्याने तीन तक्ते मांडले: ती कुठे आहे, तशाच परिस्थितीत कुठे नाही, कुठे कमी-जास्त होते. आपल्याकडे हे गुऱ्हाळावर सुरेख जमतं. पहिल्या तक्त्यात चुलवाणातली आग, ऊन, चोळलेले तळहात, आतून वाफाळणारा शेणखताचा ढीग. दुसऱ्यात चांदणं. उजेड आहे, ऊब नाही! इथे मुलं थबकतात. अशाच नोंदींवरून बेकन ‘उष्णता म्हणजे गती’ इथवर पोचला होता. खर्च काही नाही, पण वही बरेच दिवस भरावी लागते आणि मोजमाप जवळपास नाहीच.

गॅलिलिओ आधी ठरवतो, काय मोजायचं ते. वस्तू का पडते हे बाजूला ठेवून तो विचारतो, किती वेळात किती अंतर? उतरत्या खाचेतून त्याने गोळी सोडली आणि वेळ कळावा म्हणून भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तोललं. हे त्याने १६३८ मध्ये छापलं.

तुम्हीही करा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, बेअरिंगचा छर्रा मिळतो. वायरिंगची दोन मीटरची केसिंग पट्टी घ्या, एका टोकाखाली वीट उभी करा. छर्रा जिथून सोडणार तिथून १०, ४०, ९०, १६० सेंटिमीटरवर शिवणाचा दोरा आडवा ताणून बांधा. जाड दोऱ्याला छर्रा अडखळतो. मुलांना डोळे मिटायला सांगा. टक्, टक्, टक्, टक्. अंतरं वाढत गेली तरी आवाज सारख्याच वेळाने येतो.

एकच तास असेल तर मी गॅलिलिओ घेईन, आणि तेही एका कारणासाठी. कुणीतरी म्हणेल, “सर, शेवटचा टक् जरा उशिरा आला.” तिथे थांबा. घर्षण सोडून द्यायचं की तेच मोजायला घ्यायचं, हे पट्टी सांगत नाही, माणसाला ठरवावं लागतं. प्रयोगातलं तत्त्वज्ञान मुलांना दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

महिना हाताशी असेल तर मात्र बेकन. फेब्रुवारीत गुऱ्हाळं चालू असतात, सहल तिकडेच काढा. मुलांना काहिलीपासून लांब उभं करा.