पेन की पावडर? जेवणाच्या वेळचं इन्सुलिन निवडताना

श्वासातून ओढायचं इन्सुलिन, म्हणजे अफ्रेझा, आलं म्हटल्यावर सुया संपल्या असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ही पावडर फक्त जेवणापुरती. टाइप १ मधुमेह असेल तर दिवसभर पुरणारं बेसल इन्सुलिन सुईनेच घ्यावं लागतं. रोजच्या चारातल्या तीन सुया वाचतात, एक राहते. अमेरिकेत याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. भारतात सिप्ला या औषध कंपनीला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीही प्रौढांपुरती.

पावडरीचा खरा फायदा वेगाचा आहे. साधारण बारा मिनिटांत काम सुरू होतं, पाऊण तासाच्या आत जोर येतो आणि दीड ते तीन तासांत असर ओसरतो. पेनमधलं, म्हणजे पेनासारख्या सुईच्या साधनातून टोचायचं, जलद इन्सुलिन तीन ते पाच तास रेंगाळतं. दुपारी चारला माझ्या आईची साखर उतरायची, घाम फुटायचा, चमचा हातात थरथरायचा, ते या रेंगाळण्यामुळेच. पण पुरणपोळी-तुपाचं जेवण सावकाश पचतं. तिथे पावडर आधी संपते आणि साखर मागाहून चढते.

मात्रा बारकाईने जुळवायची तर पेनच बरं. त्यात एकेक युनिट वाढवता येतं. पावडरीच्या कुप्या ४, ८ आणि १२ युनिटच्या. पेनवरचा आकडा जसाच्या तसा तिला लावू नका, तो बदल डॉक्टरांनीच करून द्यायचा. कुप्यांची पट्टी उघडली की तिच्यातल्या कुप्या तीन दिवसांत वापरायच्या, इनहेलर पंधरा दिवसांनी बदलायचा. बहुतेक पेन उघडल्यावर अठ्ठावीस दिवस चालतात.

निर्णय खरा ठरतो तो फुप्फुसांवर. दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असेल तर पावडर नकोच, श्वासनळ्या अचानक आवळल्या जाऊ शकतात. बिडी-सिगारेट चालू असेल किंवा सोडून सहा महिने झाले नसतील, तरीही नको. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करायची, मग सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. खोकला बऱ्याच जणांना येतो.

फुप्फुसं निरोगी असतील आणि जेवणाआधीची सुई वारंवार चुकत असेल, तर डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढा. आईसाठी आम्हीही काढला होता. तिने आयुष्यात बिडी ओढली नाही, पण तीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली. स्पायरोमेट्रीत त्या धुराचा परिणाम दिसला. पेनच ठेवलं, सुई ४ मिलिमीटरची घेतली आणि टोचायची जागा रोज बदलू लागलो. एकाच जागी टोचून पोटावर आलेली लिंबाएवढी गाठ आता मऊ पडत चालली आहे.