जुना फोटो प्रिंटर: दुरुस्त करावा की बदलावा?

फोटो प्रिंटर सहसा एकदम बंद पडत नाही, आधी बरेच दिवस कुरकुरतो. शाईचे थेंब सोडणारी बारीक भोकं म्हणजे नोझल; ती तपासायला छापतात त्या नोझल चेकच्या नक्षीत लाइट सायनची (फिकट निळ्या शाईची) एखादी रेघ गायब होते आणि नोझल साफ करणाऱ्या एका क्लीनिंगमध्ये परत येते. पुढे दोन क्लीनिंग लागतात. मग एखाद्या मोठ्या प्रिंटमध्ये आकाशाच्या सपाट निळ्यावर बारीक आडवे पट्टे उमटतात, चांगला कागद वाया जातो, आणि याच्यावर अजून खर्च करायचा की नवा घ्यायचा, हा प्रश्न पडतो.

मी नुकताच या प्रश्नातून बाहेर पडलो आहे. माझा प्रिंटर पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईचा, ए३ पेक्षा थोडा मोठा कागद घेणारा आणि बरीच वर्षं मनापासून वापरलेला होता. त्यामुळे हे लिखाण स्वतःचे फोटो स्वतः छापणाऱ्यांना जास्त लागू पडेल. ज्यांना वर्षातून चार-सहा प्रिंट काढायच्या असतात त्यांनी दोन्ही पर्याय सोडून चांगल्या लॅबकडून छापून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंकजेट प्रिंटरचं आरोग्य वापरावर टिकतं, नुसता झाकून ठेवला तर तो बिघडतोच.

आधी दुरुस्तीची बाजू. बरेच जण ज्या लक्षणांना घाबरून नवा प्रिंटर शोधायला लागतात, त्यांतली निम्मी तरी किरकोळ असतात. कागद वाकडा जातो किंवा घसरतो, तेव्हा रोलरचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. धागे न सुटणारं ओलसर कापड फिरवलं की ते पुष्कळदा पुन्हा पकड घेतं. हेड, म्हणजे नोझल असलेला, कागदावर डावी-उजवीकडे फिरणारा भाग, एका बाजूला जाऊन आपटतं किंवा उभ्या रेषा दुहेरी दिसतात, तेव्हा आधी एन्कोडरची पारदर्शक पट्टी बघावी. हेड नेमकं कुठे आहे हे प्रिंटर त्या पट्टीवरून ओळखतो, आणि शाईचे सूक्ष्म तुषार तिच्यावर बसले की त्याचा अंदाज चुकतो. ती हलक्या हाताने पुसणं हे काही मिनिटांचं काम आहे. कॅपिंग स्टेशनच्या, म्हणजे बंद असताना हेड झाकणाऱ्या कॅपच्या, रबरी कडेवर शाई सुकली असेल तर हेड नीट झाकलं जात नाही आणि रात्रीतून नोझल सुकतात. तिथली स्वच्छता केल्यावर 'मेलेलं' हेड जिवंत झाल्याचं मी पाहिलं आहे. वेस्ट इंक पॅड, म्हणजे क्लीनिंगमध्ये बाहेर टाकलेली शाई शोषणारं पॅड, भरल्याचा संदेशही तसाच. तो आतल्या मोजणीवरून येतो, प्रिंटर आपला हट्टाने थांबतो, पण पॅड बदलून मोजणी शून्यावर आणली की तो पुन्हा चालू होतो. फक्त पॅड न बदलता नुसती मोजणी शून्य करू नका, कधी ना कधी ती शाई खालून टेबलावर येते.

खरा प्रश्न हेडचा. एपसनची हेड पिएझो पद्धतीची असतात. विजेने स्फटिक किंचित वाकतो आणि शाईचा थेंब ढकलला जातो. कॅनन आणि एचपीच्या बहुतेक घरगुती प्रिंटरमध्ये थर्मल पद्धत असते, म्हणजे शाई क्षणभर तापते, बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर फेकतो. थर्मल हेडमधले तापणारे घटक वापराने झिजतात, म्हणून अशी अनेक हेड वापरणाऱ्यालाच काढता-घालता येतात. पिएझो हेड दीर्घायुषी, पण ते बदलणं तंत्रज्ञाचं काम, आणि त्यानंतर सेवा केंद्राकडच्या सॉफ्टवेअरने जुळवणी करावी लागते. दोन्हीकडे नव्या हेडचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या इतका जवळ जातो की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस गप्प होतो.

म्हणून हेडवर शिक्का मारण्याआधी नोझल चेक लागोपाठ काही वेळा छापा आणि कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. गॅप (नक्षीतली तुटलेली रेघ) प्रत्येक वेळी त्याच जागी असेल तर तो नोझल तुंबलेला किंवा कायमचा गेलेला असण्याची शक्यता जास्त. गॅप जागा बदलत असेल, किंवा प्रिंटची सुरुवात चांगली होऊन पुढे एक रंग हळूहळू फिका पडत असेल, तर हेड बहुधा ठीक आहे, त्याला शाई पुरेशी पोहोचत नाही. दोष डॅम्परमध्ये (हेडला शाई पुरवणाऱ्या छोट्या कप्प्यात), नळीतल्या हवेत किंवा कार्ट्रिजमध्ये असतो. डॅम्पर हा त्यामानाने साधा, स्वस्त भाग आहे. इथे जोरदार क्लीनिंग मारत राहणं सगळ्यात वाईट. शाई जाते, वेस्ट पॅड भरतं, आणि हवेचा बुडबुडा आहे तिथेच राहतो. थोडं थांबून, बुडबुडा बसू देऊन पुन्हा तपासणं जास्त उपयोगी पडतं.

दुरुस्तीच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट आहे, आणि खर्चाच्या हिशेबात ती दिसत नाही. ती म्हणजे ओळख. प्रत्येक कागदासाठी तुम्ही आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग बरोबर उतरावेत म्हणून वापरायच्या रंगांच्या फाइल) बनवलेली किंवा पारखून घेतलेली असतात. सावलीतला कोणता करडा किती गडद उतरणार हे स्क्रीनवर बघतानाच कळतं. शाईचा संच बदलला की हे सगळं नव्याने शिकावं लागतं. एखादी मालिका अर्धी छापून झाली असेल तर मध्येच प्रिंटर अजिबात बदलू नका. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तर फरक लगेच उघडा पडतो. एका प्रिंटचा करडा किंचित उबदार, दुसरीचा थंड, आणि तिरक्या उजेडात पृष्ठभागाची चकाकीही वेगळी. भिंतीवर शेजारी लावल्या की कोणालाही दिसतं. माझ्या हातात अशी मालिका होती, आणि ती पूर्ण होईपर्यंत मी जुन्याचीच मलमपट्टी करत राहिलो. त्याबद्दल मला समाधान आहे.

तरीही शेवटी मी नवा घेतला. त्याचं कारण बिघाड नव्हतं.

कारण होतं दोन काळ्या शाया. पिगमेंट प्रिंटरमध्ये फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक अशा दोन काळ्या असतात हे तुम्हाला माहीत असेलच. फोटो ब्लॅक ग्लॉसी, लस्टर, बरायटा अशा चकाकी असलेल्या कागदांसाठी. मॅट ब्लॅक कापसाच्या आणि इतर मॅट कागदांवर खोल काळा देते, पण ग्लॉसीवर नीट बसत नाही, बोट फिरवलं तर पुसली जाते. उलट फोटो ब्लॅकने मॅट कागदावर छापलं तर काळा राखाडीकडे झुकतो. म्हणजे दोन्ही हव्यातच. अडचण अशी, की अनेक जुन्या मॉडेलांत या दोघींना हेडकडे जायला एकच वाट असते. कागद बदलला की त्या वाटेतली आधीची काळी शाई बाहेर फेकायची आणि दुसरी भरायची. यात काही मिनिटं जातात आणि काही मिलिलिटर शाई सरळ वेस्ट टाकीत जाते. अशा डेस्कटॉप प्रिंटरमध्ये कार्ट्रिज पुष्कळदा पंचवीस-सव्वीस मिलिलिटरचं असतं, हे लक्षात घेतलं की ते 'काही मिलिलिटर' मनाला लागतात.

शाईपेक्षा मला जास्त खटकलं ते त्याने माझ्या कामाला लावलेलं वळण. पावसाळी धुक्याचा एखादा फोटो मॅट कागदावर शोभेल असं स्पष्ट दिसत असायचं, पण प्रिंटर फोटो ब्लॅकवर असायचा. मग मी तो फोटो बाजूला ठेवायचो. मॅटवर छापण्यासारखे पुरेसे फोटो जमले की एकदम अदलाबदल करू, असं ठरवायचो. तोवर त्या फोटोतली गोडी उतरलेली असायची. कधी कधी तर लस्टरवरच छापून 'हेही चालेल' म्हणायचो. कोणता फोटो कोणत्या कागदावर जावा हे फोटोने ठरवायला हवं, आणि माझ्याकडे ते यंत्र ठरवत होतं. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. बिघाडामुळे दुरुस्तीचा विचार करायला बसलो तेव्हा पहिल्यांदा ते नीट डोळ्यांसमोर आलं.

मी मनाशी असं मांडलं: समजा दुरुस्ती शंभर टक्के यशस्वी झाली. डॅम्पर नवे, कॅप नवी, नोझल चेकची नक्षी अखंड. मग माझ्या हातात काय येईल? तोच प्रिंटर, पहिल्या दिवशी होता तसा, म्हणजे एकाच वाटेच्या दोन काळ्यांसकट. दुरुस्ती यंत्राला त्याच्या मूळ अवस्थेत परत नेते, त्याच्या पुढे नेत नाही. ती मूळ अवस्था तुम्हाला अजूनही पुरते का, हे आधी तपासायला हवं, असं मला वाटतं. पुरत असेल तर दुरुस्ती करा, त्यात कमीपणा नाही. मला ती पुरत नव्हती.

नव्या पिढीत हा प्रश्न सुटला आहे. एपसनने २०२० मध्ये आणलेल्या पी७०० आणि पी९०० मध्ये दोन्ही काळ्यांना स्वतंत्र नोझल आहेत. कॅननच्या प्रो-१००० मध्ये तर बाराही शायांना स्वतःची जागा आहे, आणि तुंबलेला नोझल ओळखून त्याचं काम दुसऱ्याकडून करून घेण्याची सोयही आहे. वेस्ट इंकसाठी आता बऱ्याच मॉडेलांत आपल्याला बदलता येणारा मेंटेनन्स बॉक्स असतो, त्यामुळे पॅड भरलं म्हणून पूर्ण यंत्र उघडावं लागत नाही.

नव्याचे तोटेही आहेत. पहिल्यांदा चालू करताना नळ्या आणि हेड भरण्यात सोबत आलेल्या शाईचा बराच मोठा वाटा जातो, तेव्हा पहिला जादा संच बजेटमध्ये धरूनच चला. जुनी प्रोफाइल निरुपयोगी होतात. सुरुवातीचे काही आठवडे प्रिंट 'बरोबर' असूनही परक्या वाटतात. आणि तुंबण्याचा धोका नव्यालाही आहे. पिगमेंटचे कण शाईत तरंगत असतात, कोरड्या हवेत आणि बंद पडून राहिल्यावर ते त्रास देणारच. खोलीत चाळीस ते साठ टक्के आर्द्रता असेल तर बरं. प्रिंटर भिंतीच्या बटणावरून बंद करू नये, त्याच्याच बटणाने करावा, म्हणजे हेड कॅपवर जाऊन नीट झाकलं जातं. या सवयी नसतील तर नवा प्रिंटरही काही काळाने याच वाटेवर येतो.

टाकीत शाई ओतायच्या डाय इंकच्या (रंग द्रवात विरघळलेल्या शाईच्या) प्रिंटरबद्दल बरेच जण विचारतात. ग्लॉसीवर त्यांचे रंग सुंदर येतात, शाई स्वस्त पडते आणि दोन काळ्यांच्या अदलाबदलीची कटकट नसते. अल्बमसाठी, भेट देण्यासाठी ते उत्तम. माझं काम भिंतीवर उजेडात टांगायचं असतं आणि डाय शाई तुलनेने लवकर फिकी पडते, म्हणून मी तिकडे गेलो नाही.

एक बाब दुरुस्तीवाल्यांनी जरूर तपासावी: ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी जोडणारं सॉफ्टवेअर. ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२ बिट प्रोग्रॅम बंद केले, तेव्हा कित्येक जुन्या प्रिंटरची सॉफ्टवेअरं एका अपडेटमध्ये गेली. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये प्रिंटर कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांचा आधार टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं जाहीर केलं. जुना प्रिंटर त्यानंतरही एअरप्रिंटसारख्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालू शकतो, कागदही छापतो. पण कागदाचा नेमका प्रकार निवडणं आणि प्रिंटरची रंगव्यवस्था बंद करून प्रोफाइल वापरणं अशा वेळी बहुधा हातातून जातं. पत्र छापणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, फोटो छापणाऱ्याचा मात्र सगळा पाया त्यावर असतो. जुना संगणक केवळ प्रिंटरसाठी सांभाळणारे लोक आहेत, तसा मार्ग तुम्हाला चालत असेल तर ठीक.

कार्ट्रिजचंही बघा. तुमच्या मॉडेलची मूळ शाई अजून बनते आहे की दुकानांत उरलेला साठा संपवणं चालू आहे? पिगमेंट शाई कितीही जपली तरी म्हातारी होते, आणि एकदा बसवलेलं कार्ट्रिज साधारण सहा महिन्यांत संपवावं असं कंपन्याच सांगतात. जुनाट साठ्यातली शाई नव्या हेडमध्ये घालणं मला तरी धाडसाचं वाटतं.

तुमचा बिघाड रोलर, पट्टी, कॅप, पॅड किंवा डॅम्परचा असेल, तुम्ही एकाच जातीच्या कागदावर छापत असाल आणि ड्रायव्हर अजून चालत असेल, तर दुरुस्तीच करा, असं मी म्हणेन. हेड गेलं असेल तर माझा कल नव्याकडे आहे. आणि बिघाड लहान असला, तरी प्रिंटरच्या रचनेतलीच एखादी गोष्ट तुम्हाला रोज अडवत असेल, तर माझा कल तेव्हाही नव्याकडेच आहे. कदाचित तुमची अडवणारी गोष्ट वेगळी असेल, जाड कागद मागून न घेणं किंवा रोलची सोय नसणं, पण ती दुरुस्तीने जाणार नाही, एवढं नक्की.

माझा जुना प्रिंटर एका मित्राने नेला. तो फक्त कापसाच्या मॅट कागदावर छापतो, त्यामुळे मॅट ब्लॅक एकदा भरली ती भरली, अदलाबदलीचा प्रश्नच नाही. त्याने डॅम्पर आणि कॅप बदलून घेतली आणि नोझल चेकची नक्षी आता अखंड येते. असा प्रिंटर हलवायचा असेल तर कार्ट्रिज आतच ठेवा, त्याच्याच बटणाने बंद करून हेड कॅपवर जाऊ द्या, आणि गाडीत तो न कलंडता, तिरका न होता सपाट राहील असं बघा. पोहोचल्यावर थोडा वेळ स्थिर ठेवून आधी नोझल चेक छापा, क्लीनिंग लागलीच तर त्यानंतर.