स्टोअरमधल्या रिकाम्या दुपारी केलेला एनपीटेलचा कोर्स : माझा रिव्ह्यू

कामावर गर्दी नसते तेव्हाचे तास कशात घालवायचे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलेलंय. एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीचा, एखादा कोर्स घ्या, आपल्याच कामाला लागून असलेला घ्या, आणि नुसते व्हिडिओ बघून सोडू नका, परीक्षेपर्यंत जा. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका लहान मशीनिंग कंपनीत स्टोअर, म्हणजे हत्यारं आणि लागणारा माल ठेवायची खोली, सांभाळते. सकाळी शिफ्ट लागली की खिडकीवर नुसती झुंबड असते, इन्सर्ट द्या, ड्रिल द्या, ग्लोव्हज द्या, कूलंट संपलं, मग मटेरियलची गाडी येते, चलन बघा, माल मोजा, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करा. आणि जेवणाची सुट्टी झाली की सेकंड शिफ्ट येईपर्यंत एकदम शांत. वर्कऑर्डर कमी असलेल्या महिन्यात तर ही शांतता अजून लांबते.

या वेळेत बऱ्याच जणांचं काय होतं ते मी रोज बघते, मोबाईल हातात येतो आणि दुपार कुठे गेली कळत नाही. पण मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. अशा वेळेत जे काही करायचं ते मध्येच टाकता आलं पाहिजे आणि परत तिथूनच उचलता आलं पाहिजे. खिडकीवर कोणीतरी येऊन "ताई, बारा एमएमचा टॅप आहे का" म्हणणारच, तेव्हा लाइव्ह क्लास चालत नाही, कारण आपण रॅकपर्यंत जाऊन परत येईपर्यंत शिकवणारा पुढे निघून गेलेला असतो. सलग वाचायचं जाड पुस्तकपण मला जमत नाही, प्रत्येक वेळी दोन पानं मागं जावं लागतं. एनपीटेल इथे बरोबर बसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे, आधी नुसते लेक्चरचे व्हिडिओ होते, २०१४ पासून सर्टिफिकेटचे कोर्स आले, आणि आता नोंदणी केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरून होते, जे २०१७ मध्ये सुरू झालं. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. शिकायला पैसे लागत नाहीत, व्हिडिओ, नोट्स, दर आठवड्याची असाइनमेंट, प्रश्न विचारायची सोय, सगळं फुकट. पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर, मी भरले तेव्हा एका कोर्सचे १००० रुपये होते. वर्षात दोनदा बॅच चालते, एक जानेवारीत आणि एक जुलैत. शिक्षणाची अट बहुतेक कोर्सना नसते, म्हणजे डिप्लोमा झालेला असो, बीकॉम असो, कुणीही बसू शकतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण आपल्याकडे आयआयटी म्हटलं की लोक आधीच मागे सरकतात.

एका आठवड्याला साधारण पाच लेक्चर असतात, एकेक अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणजे रोज दुपारी एक. बघताना खिडकीवर कोणी आलं की पॉज, इश्यू स्लिपवर सही घेतली, बिन कार्डवर (रॅकवरच्या मालाच्या आवक-जावकेचं कार्ड) एंट्री मारली, परत प्ले. असाइनमेंट तर यासाठीच बनवल्यासारखी आहे, दहाएक प्रश्न, पर्यायांतून उत्तर निवडायचं, आणि मुदत संपेपर्यंत कितीही वेळा बदलून सबमिट करता येतं, शेवटचं सबमिशन धरतात. मग मी सोमवारी पाच प्रश्न करायचे, मंगळवारी लेक्चरचा तो भाग परत बघून उरलेले. मुदत बहुतेक बुधवारी रात्री ११:५९ ला संपते आणि ती पक्की असते, त्यामुळे "बघू उद्या" होत नाही. मला ही शिस्त आवडली. यूट्यूबवर फुकटातलं ज्ञान तसं भरपूर आहे, पण तिथे कोणी बुधवारची वाट बघत नसतं ना.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. आमचं स्टोअर पत्र्याच्या शेडमध्ये, रॅकच्या मागे रेंज एक काडी, तीपण कधी कधी. मी आठवड्याचे व्हिडिओ रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवायचे आणि नोट्सची पीडीएफ मोबाईलमध्ये. निमाणीहून सिटीलिंकच्या बसने येताना नोट्स वाचून व्हायच्या, मग दुपारी तोच भाग व्हिडिओत बघितला की पटकन डोक्यात शिरायचा. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान खिडकीकडे.

आता कोर्समधून मिळालं काय ते सांगते, कारण रिव्ह्यूमध्ये लोक स्टार देतात आणि हेच सांगत नाहीत. मी ऑपरेशन्स मॅनेजमेंट घेतलं होतं, त्यात इन्व्हेंटरीचा भाग मोठा आहे. एबीसी अनॅलिसिस हे नाव ऑडिटच्या वेळी साहेबांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलेलं, पण ते करायचं कसं हे कोणी बसून शिकवलं नव्हतं. प्रत्येक आयटमचा वर्षाचा वापर गुणिले त्याचा दर, मग मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचं आणि बेरीज करत खाली यायचं. साधारण १० ते २० टक्के आयटममध्ये ७० ते ८० टक्के पैसा अडकलेला असतो, ते ए. खाली ढिगाने आयटम असतात पण पैसा किरकोळ, ते सी. लेक्चर बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मी आमची यादी एक्सेलमध्ये लावायला घेतली. वर काय आलं, तर कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या टूलला बसवायची धातू कापणारी छोटी टीप. दहा नगांची डबी तळहातावर मावते, रॅकमध्ये एका कोपऱ्यात बसते, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि कॉटन वेस्टची पोती जागा अडवतात म्हणून सगळं लक्ष तिकडे. आता इन्सर्ट कुलुपाच्या कपाटात आहेत, जुनी तुटकी टीप परत दिल्याशिवाय नवीन मिळत नाही, आणि त्यांचा फिजिकल स्टॉक मी दर आठवड्याला मोजते. कॉटन वेस्ट महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरतं.

एफएसएन पण तसंच, फास्ट, स्लो आणि नॉन-मूव्हिंग. यात माल किती रुपयांचा आहे ते बघत नाहीत, हलतो किती ते बघतात. बिन कार्डवरची शेवटच्या इश्यूची तारीख बघत गेलं की झालं, त्याला ना सॉफ्टवेअर लागतं ना कोणाची परवानगी. कंपनीने कधीच विकून टाकलेल्या मशीनचे ऑइल सील आणि बेल्ट आमच्या रॅकवर व्यवस्थित लेबल लावून बसलेले होते. त्यांची वेगळी यादी करून साहेबांना दिली, आणि ती जागा मोकळी झाल्यावर तिथे इनवर्डचा, म्हणजे नुकताच आलेला माल ठेवता यायला लागला, जो आधी दारात पायात यायचा.

आणि ईओक्यू, म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी. एका वेळी किती मागवायचं याचा हिशोब. वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. समजा वर्षाला ग्लोव्हजच्या १२०० जोड्या लागतात, एक ऑर्डर काढायला फोन, वाहतूक, एंट्री सगळं धरून १५० रुपये पडतात आणि एक जोडी वर्षभर सांभाळायला ४ रुपये, तर २ गुणिले १२०० गुणिले १५० म्हणजे ३,६०,०००, भागिले ४ म्हणजे ९०,०००, त्याचं वर्गमूळ ३००. म्हणजे एका वेळी ३०० जोड्या, वर्षात चार ऑर्डर. मी हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा खूप छान वाटलं, खरंच. अंदाजाने मागवणं आणि असं मागवणं यात फरक आहे, आणि साहेबांनी "एवढेच का मागवले" विचारलं तर दाखवायला कागद असतो. अर्थात हे सूत्र वर्षभर मागणी एकसारखी आहे असं धरून चालतं, हे कोर्समध्येही सांगतात. दिवाळीत सप्लायर बंद असतात त्याआधी थोडा जास्त साठा ठेवावाच लागतो, तो सेफ्टी स्टॉकचा भाग वेगळा.

भाषेबद्दल बोलावं लागेल. लेक्चर बहुतेक इंग्लिशमध्ये आहेत आणि इंजिनीअरिंगच्या पोरांना समोर ठेवून शिकवलेले, त्यामुळे पहिले एक-दोन आठवडे जड जातात. बऱ्याच कोर्सची लेक्चर लिहून काढून त्यांचं मराठीसकट भारतीय भाषांमध्ये भाषांतर एनपीटेलने केलेलं आहे, सगळ्यांचं नाही, म्हणून कोर्स निवडताना साइटवर ते आधी बघा. मी सबटायटल चालू ठेवून बघायचे, आणि एका वहीत प्रत्येक नवीन शब्दापुढे आमच्या स्टोअरमधलं उदाहरण लिहायचे. लीड टाइम म्हणजे काय, तर पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवल्यापासून तो कूलंटचा ड्रम गेटमध्ये येईपर्यंतचे दिवस. असं लिहिलं की पाठ करायची गरजच राहत नाही.

कामाच्या वेळेत हे करणं बरोबर का, असं काही जण विचारतील, आणि विचारायलाच पाहिजे. मी सुरू करायच्या आधी साहेबांना सांगितलं, कोर्सचं पान दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, पेंडिंग काही ठेवू नका, मग बघा खुशाल." त्यामुळे क्रम ठरलेला, आधी सकाळच्या सगळ्या स्लिपा सिस्टीममध्ये, मग आलेल्या मालाचे जीआरएन, रिजेक्शनचा माल वेगळा करून त्याला टॅग, आणि हे सगळं झालं की मगच व्हिडिओ. लपून करू नका असं मी आवर्जून सांगेन. लपून केलं तर निम्मं लक्ष दाराकडे राहतं, आणि शिकलेलं कामात वापरायला गेलं की आधी हे कुठून आलं याचंच उत्तर द्यावं लागतं. आणि सेफ्टीचं म्हणजे मशीनवर उभं असणाऱ्यांनी मशीन चालू असताना असलं काही करू नये, हा सल्ला फक्त टेबलावर, काउंटरवर, गेटवर बसणाऱ्यांसाठी आहे.

परीक्षेबद्दल. नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची तारीख कोर्स चालू असतानाच संपते, ती चुकवू नका. शहर फॉर्ममध्ये निवडता येतं, मला नाशिकच मिळालं. सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची, तीन तास, आणि सकाळचं किंवा दुपारचं सेशन असतं. शेवटचे मार्क असे धरतात, २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. असाइनमेंट सगळ्या नाही धरत, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये चांगल्या ६ धरतात, १२ च्या कोर्समध्ये चांगल्या ८, त्यामुळे मार्चएंडच्या स्टॉक टेकिंगमध्ये एखादा आठवडा गेला तरी रडू येत नाही. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात, दोन्ही लागतात. ६० किंवा त्याच्या वर गेलात तर सर्टिफिकेटवर एलिट लिहून येतं. रिकाम्या दुपारी नियमित बसणाऱ्याला यातलं काहीच अवघड नाही, असाइनमेंटचे प्रश्न नीट समजून सोडवलेले असतील तर पेपर ओळखीचा वाटतो.

कोणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना पदवी पाहिजे, प्रमोशनसाठी ग्रॅज्युएट असणं लागतंय, त्यांचं काम याने होणार नाही. त्यांनी आपल्या गंगापूर धरणाकडच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट धरावी, १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना शिकवतंय आणि मराठीतून शिकता येतं. नुसत्या सर्टिफिकेटने पगार वाढेल म्हणून घेत असाल तर तेही होईल असं मी सांगणार नाही. आणि ज्यांच्या कामात सलग वीस मिनिटंही मिळत नाहीत त्यांनी १२ आठवड्यांचा कोर्स अंगावर घेऊ नये, ४ वाला घ्यावा. विषय निवडताना मोठं नाव बघू नका. डेटा सायन्स, एआय याला गर्दी आहे, पण स्टोअरवाल्याने इन्व्हेंटरी घेतली, मेंटेनन्सवाल्याने मेंटेनन्सचं घेतलं, अकाउंटवाल्या ताईंनी कॉस्टिंग घेतलं तर दुपारी बघितलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी हातात येतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कमी केला तो भाषेसाठी, मराठीतून लेक्चर असते तर आमच्या शेडमधले निम्मे ऑपरेटर बसले असते, त्यांच्याकडे डोकं आहे, इंग्लिशमध्ये अडतं.

पुढच्या बॅचला मी क्वालिटी कंट्रोलचा कोर्स घेणारे, कंट्रोल चार्ट वगैरे, म्हणजे इनवर्ड इन्स्पेक्शनच्या माणसाशी नीट बोलता येईल. सातपूर, अंबड, सिन्नर साइडला कोणी हा केला असेल तर सांगा, स्टॅटिस्टिक्स किती येतं त्यात आणि बारावीचं गणित विसरलेल्या माणसाला आधी काय वाचावं लागेल ते पण लिहा.