वुडग्रेन सांगून स्टिकर चिकटवला, जुनी गाडी असेल तर हे वाचा

ज्यांच्याकडे १९३०-४० च्या काळातली अमेरिकन गाडी आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आत डॅशबोर्डवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर जे लाकूड दिसतं ते बऱ्याच गाड्यांत लाकूड नसतंच, पत्र्यावरचं रंगकाम असतं, त्यालाच वुडग्रेन किंवा नुसतं ग्रेन म्हणतात. आधी फिकट तपकिरी बेस कोट, मग कोरलेल्या प्लेटमध्ये शाई भरायची, वरची जास्तीची शाई पट्टीने खरवडून काढायची, मऊ रोलरवर त्या रेषा उचलायच्या आणि तो रोलर पार्टवर फिरवायचा, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. एका जागी रोलर घसरला की सगळं पुसून परत पहिल्यापासून. असं काम करणारे फार थोडे, म्हणूनच फसवणाऱ्यांचं फावतं.

मला ज्याने फसवलं त्याने सँपल दाखवलं ते खरंच रोलरचं होतं, अप्रतिम होतं. मी सगळे पार्ट एकदम दिले, पैसेही पूर्ण दिले, इथेच चुकलो. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर कंपनीचं मूळ ग्रेन चांगलं शाबूत होतं, ते फक्त रंग मॅच करायला दिलं होतं, याला हात लावू नका असं दोनदा बजावलं होतं. आठ महिने आज देतो उद्या देतो, मग फोन उचलणं बंद, शेवटी पार्ट आले. लांबून चकचकीत एकदम.

बसवताना चौकट उलटी केली तर मागच्या कडेला ब्लेडने कापलेली फिल्म, म्हणजे लाकडाच्या रेषा छापलेला स्टिकर, आणि आतल्या कोपऱ्यांत रेषा ताणून रुंद झालेल्या. रोलरने असं होत नाही हो, शाई ताणली जात नाही. गाडी काही दिवस उन्हात राहिली तर फुगे आले, एक कड नखाने उचलली तर क्लिअरसकट अख्खी पट्टी निघाली. खाली थेट राखाडी प्रायमर, बेस कोटचा पत्ताच नाही. जुना रंग काढायला दाबाने वाळूचा मारा करतात ते ब्लास्टिंग इतकं जोरात केलेलं की एका चौकटीचा पातळ पत्रा लहरी झालाय, आणि झाकणही ब्लास्ट करून टाकलेलं. फिल्म सोलून परत करता येईल, ते मूळ ग्रेन परत येणार नाही. याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

द्यायचंच असेल तर आधी एकच छोटा पार्ट द्या, मागच्या बाजूला पंचने खूण करा, आणि बेस कोट झाल्यावर, क्लिअर मारायच्या आधी, स्वतः जाऊन बघा. फोटोवर जाऊ नका, फोटोत फिल्म पण मस्त दिसते. सँपल मागाल तर तुमच्याच पार्टच्या न दिसणाऱ्या बाजूवर करून मागा. आणि मूळ ग्रेन असलेला तुकडा कुणाच्याही हातात देऊ नका, समोर बसून रंग मॅच करून घ्या आणि घरी घेऊन या.

काल झाकणाची बिजागरी काढली तर तिच्या खाली नखाएवढा जुना रंग शिल्लक सापडला, दोन रेषांसकट. आता नवीन माणसाला तेवढाच दाखवणार आहे, माझ्यासमोर.