सायबेरियन आयरिस 'सीझर्स ब्रदर': काही हंगामांनंतरचं मत

सायबेरियन आयरिस या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडाच्या या जातीची परीक्षा पहिल्या वर्षी घेऊ नका. लागवडीनंतरच्या बहरात एखादा दांडा येतो, बरेचदा तोही येत नाही. सगळा जोर मुळांवर असतो. ठोंब भरायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यानंतर मात्र साधारण 90 सेंमी उंच, ताठ दांड्यांवर गर्द जांभळी फुलं येतात आणि टेकू लागत नाही. 1932 ची ही जात अजून टिकून आहे, ती उगाच नाही. बहर ओसरल्यावरही पात सुबक दिसते.

बहुतेकांचं गणित चुकतं ते लागवडीतच. बियर्डेड आयरिसचा (पाकळ्यांवर केसाळ पट्टा असणाऱ्या प्रकाराचा) गड्डा उघडा, उन्हात ठेवतात, म्हणून हिलाही तसंच लावलं जातं. हिचा गड्डा बारीक असतो आणि मुळं केसाळ, सुकली की लगेच मरणारी. त्यामुळे गड्ड्यावर 2.5 ते 5 सेंमी माती हवीच. मुळं सुकून आली असतील तर रात्रभर पाण्यात ठेवा. दोन रोपांत 45 ते 60 सेंमी अंतर सोडा. पहिल्या हंगामात आठवड्याला साधारण 2.5 सेंमी पाणी मिळायला हवं, पावसाचं धरून. वर 5 सेंमी जाडीचं कुजलेल्या पाल्याचं आच्छादन घाला, पण ते फुटव्यांच्या बुंध्याला टेकू देऊ नका.

ऊन किमान सहा तास हवं. सावलीत फुलं घटतात आणि दांडे उजेडाकडे कलतात. माती किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामू (pH) 5.5 ते 6.9, असावी. चुनखडीच्या जमिनीत लोह उपलब्ध होत नाही: पात पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी नुसतं खत वाढवून उपयोग नाही, आधी माती सुधारावी लागते. एरवी खताला ही जात छान साथ देते. एक हप्ता वसंतात, दुसरा फुलं संपल्यावर. हिवाळ्यात कडक थंडी पडत नसेल तिथे मात्र मी ही सुचवणार नाही, फुलं तुरळकच येतील.

ठोंबाचा मध्य रिकामा होऊन फुटवे नुसते कडेने दिसू लागले की विभागणीची वेळ झाली. ती वसंताच्या सुरुवातीला किंवा उन्हाळ्याच्या अखेरीला करा. उन्हाळ्याच्या अखेरीला केली तर जमीन गोठण्याआधी मुळं धरायला किमान सहा आठवडे मिळायला हवेत. जुना ठोंब इतका घट्ट असतो की हाताने सुटत नाही. पूर्ण उपटून काढा, माती धुवा, मग धारदार फावड्याने किंवा करवतीने कापा. प्रत्येक तुकड्यात चार ते सहा फुटवे ठेवा. प्रत्येकी एकच फुटवा असलेले तुकडे केले की रोपांची संख्या वाढते खरी, पण बहर पुढच्या पुढच्या वर्षी ढकलला जातो, आणि ही बचत परवडत नाही. पात 15 सेंमीवर छाटा, तुकडे ओल्या गोणपाटात ठेवा, त्याच दिवशी लावा.

शरदात पात तपकिरी झाली की जमिनीपासून 3 ते 5 सेंमीवर कापून ती बागेबाहेर काढा. उत्तर अमेरिकेत आयरिस बोरर या पतंगाची अंडी याच जुन्या पानांवर हिवाळा काढतात. वसंतात अळी पानात शिरून खाली गड्ड्यापर्यंत पोखरत जाते. हिरवी पात आधीच कापू नका, तिच्यावर पुढच्या वर्षीची फुलं अवलंबून असतात. बी नको असेल तर सुकलेल्या फुलांखालची बोंडं भरण्याआधी खुडा.