पीटीआर की रिले?

हापूसच्या हंगामात बागायतदाराने स्वतःच्या मेल सर्व्हरवरून पाठवलेली बिलं जीमेलकडून '५५०-५.७.२५' म्हणत परत यायला लागली, तर घोळ आयपीच्या (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्याच्या) उलट नोंदीत, म्हणजे आयपीवरून नाव सांगणाऱ्या पीटीआरमध्ये आहे. रत्नागिरी-मालवणकडच्या छोट्या ऑफिसांपुढे मग दोन वाटा: पीटीआर दुरुस्त करणं, किंवा रिले, म्हणजे मेल दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत पाठवणं.

पीटीआर दुरुस्त करायचा, तर डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधू नका. आयपी ज्या इंटरनेट कंपनीचा, तिलाच ही नोंद करावी लागते. स्थिर आयपी हवा, सीजीनॅटमागे (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) असाल तर विषयच संपला. नुसतं नाव असूनही भागत नाही. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळायला हवा. सर्व्हर हेलोमध्येही (मेल देताना करून दिलेल्या ओळखीत) तेच नाव सांगत असेल तर उत्तम. आयपीवरून नाव शोधणारी 'डिग -एक्स' ही कमांड चालवली की लगेच कळतं. गावच्या केबलवाल्याला पीटीआर समजावणं मात्र वेगळंच काम!

रिलेत मेल ५८७ पोर्टवरून दुसऱ्याच्या सर्व्हरकडे सोपवायची. पुढचा आयपी त्यांचा, पीटीआरही त्यांची डोकेदुखी. एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनची मेल कोण पाठवू शकतो, त्या यादीत) त्यांना जोडा, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लावा. पैसे मोजावे लागतात, पण होमस्टे किंवा आंबा-काजूच्या धंद्याला मी रिलेच सुचवेन. स्थिर आयपी आणि फोन उचलणारा प्रोव्हायडर, दोन्ही असतील तरच पीटीआरच्या मागे लागा.